पहूरची वाट व माहेरचा वाटा

जळगावाहून अजिंठ्याकडे जाताना वाटेत, जामनेर तालुक्यात, पहूर लागते. अजिंठ्याच्या लेण्यांना वळसा घालून आलेली वाघूर नदी याच बाजूने पुढे तापीस मिळावयास जाते. गावाचे पेठ व कसबे असे दोन भाग आहेत. सभोवार काळी जमीन आणि तीत कापूस.

पाचोरा-जामनेर ही अडीच फुटी रुळांची आगगाडी सुमारे शंभर वर्षे येथे थांबत असे. ५६ किलोमीटरांची तिची चाल मंद खरी. परंतु लेकुरवाळ्या माहेरवाशिणींस तिचा मोठा आधार. २०२० साली साथीमुळे बंद झालेली ती गाडी त्या रुळांवर पुन्हा धावली नाही.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत कन्येस जन्मतःच हक्क आहे. दुरुस्तीच्या वेळी पिता हयात असलाच पाहिजे असे नाही. तरीही सणास आलेल्या बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेविले जाते, आणि माहेर तुटेल या भयाने ती सही करिते. वाटण्यांनी शेताच्या चिंधड्या होतात, ही भावांची अडचण खोटी नव्हे. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा त्यासाठीच झाला. परंतु तो भार एकट्या बहिणीने का वाहावा? उत्पन्नात वा मोबदल्यात तिचा वाटा देता येतो. सातबाऱ्यावर तिचे नाव लागल्याने माहेर तुटत नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांनीच प्रथम बोलून दाखवावे, असे आम्हांस वाटते.