उचलून नेऊ की!

वक्तृत्व स्पर्धेत माझं नाव पुकारलं, की संयोजक मुलांचं ठरलेलं वाक्य असे, "काळजी करू नको ताई, आम्ही उचलून नेऊ की!" चौघंजण व्हीलचेअरसकट मला मंचावर चढवत. एका हातानं ओढणी सावरायची, दुसऱ्यानं खुर्चीचा दांडा घट्ट धरायचा. मुलं भली होती, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण टाळ्या भाषणाआधीच पडत, त्याचा राग येई.

मी नांदूरघाटची. गावात घराचा उंबरा असो की एसटीची पायरी, उचलायला चुलतभाऊ असत, तिथं ते चालून जाई. पण कॉलेजात ते का चालावं? दिव्यांग हक्क कायदा २०१६ सालचा. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत आमच्यासाठी किमान ५ टक्के जागा त्यानं राखल्या. प्रवेश हक्काचा आणि मंच मेहेरबानीचा, हे कसं?

एम.ए.ला असताना स्नेहसंमेलनाच्या समितीत मीच नाव दिलं आणि रॅम्पचा विषय काढला. नियम साधा आहे, एक फूट उंचीला बारा फूट उतार. मंच तीन फुटांचा, म्हणजे रॅम्प ३६ फूट! मंडपवाला म्हणाला, "मग माणसं कुठं बसवू?" त्याचंही खरं होतं. म्हणून विचारलं, मंच तीन फूट कशाला? मागच्यांना दिसावं म्हणून. मग पुढच्या रांगा सतरंजीवर बसवल्या, मंच फुटावर आणला. बारा फुटांचा लाकडी उतार झाला, कडेला धरायला बांबू. साउंडवाल्यांनी स्पीकरही त्यावरूनच ढकलत नेले.

एका दृष्टिहीन मित्रासाठी निवेदकानं नाटिकेआधी मंचावर काय मांडलंय ते दोन वाक्यांत सांगितलं. याला तर छदामही लागला नाही.

स्वच्छतागृहाचं मात्र जमलं नाही. तीन पायऱ्या आणि खुर्ची अडेल एवढं अरुंद दार. कार्यक्रमाच्या दिवशी मी सकाळपासून पाणी प्यायचे नाही, तशी त्या दिवशीही प्याले नाही. हे समितीत मुलांसमोर बोलायला मला जड गेलं, पण बोलले.

युवक महोत्सव, संमेलनं भरवणाऱ्यांना एकच सांगणं आहे. नावनोंदणीच्या अर्जात एक ओळ घाला, 'तुम्हाला कोणती सोय लागेल?' आणि मंडपवाल्याला ॲडव्हान्स देण्याआधी ती उत्तरं वाचा.