आपल्यांतले एकटे

सतरा सप्टेंबर जवळ आला की आमच्या चाकुरात घरोघर निजामी राजवटीच्या गोष्टी निघतात. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी लातूरला वकिली करीत असे. त्यामुळे ते नाव इकडे अधिकच कडवटपणे घेतले जाते. या गोष्टी ऐकून मुलांची समजूत होते की, तो झगडा हिंदू व मुसलमान यांचा होता. माझ्या नातवाने तसे बोलून दाखविले, तेव्हा मी त्याला शोएबुल्लाखान यांची हकिगत सांगितली.

हैदराबादेत ते ‘इमरोज’ हे उर्दू दैनिक चालवीत. संस्थानाने भारतात सामील व्हावे व राज्यकारभार प्रजेला जबाबदार असावा, असे ते निर्भयपणे लिहीत. धमक्या आल्या, तरी लेखणी थांबली नाही. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री कचेरीतून घरी परतताना त्यांच्यावर गोळ्या झाडून त्यांचा हात तोडण्यात आला. पहाटे त्यांनी प्राण सोडला. वयाची तिशीही उलटली नव्हती! त्याच महिन्यात सात मुसलमान गृहस्थांनी रझाकारांविरुद्ध पत्रक काढले. त्यांपैकी फरीद मिर्झा यांनी अत्याचारांच्या निषेधार्थ नांदेड जिल्ह्यातील सरकारी नोकरी सोडली होती.

स्वामी रामानंद तीर्थांनी तुरुंगवास भोगला. पण त्यांच्यामागे लोक होते. स्वकीयांच्या सत्तेविरुद्ध उभ्या राहणाऱ्याला मात्र आपले ‘द्रोही’ म्हणतात व परके ओळखतही नाहीत. इराणातील जनतेने १९०६ साली शहाकडून राज्यघटना मिळविली होती. त्याच देशातील नर्गिस मोहम्मदी यांना २०२३ चे शांततेचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा त्या तुरुंगात होत्या.

जुलमाविरुद्धचा झगडा धर्माचा मानला की काय होते, हेही आपण पाहिले आहे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर नांदेड, उस्मानाबाद, बीदर या भागांत कित्येक निरपराध मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने संस्थानातील मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला. आमच्या घरातील आठवणींत हा आकडा कधी येत नसे. नातवाला मी तोही सांगितला. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, “आजोबा, हे शाळेत का सांगत नाहीत?”

शाळा सांगेल तेव्हा सांगेल. वाचकहो, घरातील वडीलधाऱ्यांना कोण अडविते?