आमचा व्यवसाय

कोणी व्यवसाय विचारला की आम्ही पूर्वी जरा अडखळत असू. वकील, वैद्य, मास्तर हे शब्द कोणासही ताबडतोब कळतात. परंतु भूसुरुंगांवर बंदी यावी म्हणून खटपट करणे हाही चरितार्थाचा मार्ग असू शकतो, हे आमच्या मातोश्रींना शेवटपर्यंत पटले नाही. "पगार कोण देतो?" हा त्यांचा एकच प्रश्न असे.

कांबोडियात प्रथम गेलो तेव्हा सुरुंग काढणे हे मोठे शौर्याचे काम असेल, अशी आमची कल्पना होती. प्रत्यक्षात ते निंदणीसारखे निघाले! कवटीचे चित्र असलेल्या लाल पाटीपलीकडे एक बाई गुडघे टेकून बसलेली. यंत्र वाजले की ती सळईने तिरपे टोचून पाही, हलक्या हाताने माती उकरी, आणि बहुधा निघे गंजका खिळा. पण प्रत्येक खिळ्यास सुरुंगाचाच मान देणे भाग असते. प्लास्टिकच्या सुरुंगात धातू नाममात्र, म्हणून यंत्राचा कान तिखट ठेवावा लागतो. लढाई संपली हे माणसांस कळते. सुरुंगास कोण सांगणार?

सहा संस्थांनी 1992 साली आरंभिलेल्या मोहिमेस 1997 च्या डिसेंबरात यश आले. ओटावा येथे 122 राष्ट्रांनी बंदीच्या करारावर सह्या केल्या. त्याच महिन्यात मोहिमेस व तिच्या संयोजिका जोडी विल्यम्स यांस नोबेल शांतता-पारितोषिक मिळाले. मोहिमेच्या वतीने ते स्वीकारले तुन चन्नरेथ या, सुरुंगाने दोन्ही पाय गमावलेल्या कांबोडियन गृहस्थांनी.

पुढे तिकडच्याच एका सभेनंतर चाकांच्या खुर्चीतील एका वृद्धाने दुभाष्यामार्फत आम्हांस विचारले, "तुमच्या देशाने सही केली का?"

"नाही," आम्ही म्हणालो. आणि लांबलचक सरहद्द, शेजारी, सैन्याची अडचण अशी कारणे सांगू लागलो. 2001-02 साली राजस्थान-पंजाबच्या सीमेवरील शेतांत पेरलेल्या सुरुंगांना आपलेच शेतकरी व जवान बळी पडले, हे मात्र सांगितले नाही. आयुष्य ज्याच्याविरुद्ध बोलण्यात घालविले, त्याचीच वकिली त्या दिवशी आमच्या तोंडून झाली!

2025 साली लिथुआनिया, लाट्विया, एस्टोनिया, फिनलंड व पोलंड यांनी करारातून बाहेर पडण्याची रीतसर सूचना दिली. त्यांची कारणे वाचताना ती आम्हांस फार ओळखीची वाटली. शेजारच्या रशियाचे भय खोटे आहे, असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस नाही.

त्या वृद्धाने पुढे काही विचारले नव्हते. आमच्या खांद्यावरील पत्रकांची पिशवी जड दिसली, म्हणून ती तेवढी त्याने आपल्या मांडीवर घेतली, आणि रस्त्यापर्यंत आणून दिली.