फेब्रुवारीचे तीनशे रुपये

अवजड झालेला कोड हाती आला म्हणजे तो तोडून लहान करावा अशी ऊर्मी प्रथमदर्शनीच होते. परंतु नुसती लांबी हाच निकष मानला, तर एका लांबलचक फंक्शनाच्या जागी परस्परांवाचून पान न हलणारी वीस फंक्शने पदरी पडतात, आणि वाचणाऱ्याची वणवण तेवढी वाढते.

पगाराच्या हिशेबाचे एक फंक्शन माझ्याकडे दुरुस्तीस आले, त्यात महागाई भत्ता, घरभाडे, भविष्यनिर्वाह निधीची वजावट आणि पगारपत्रकाची छपाई हा सारा कारभार कोंबलेला होता. आणि मध्येच, महिना दुसरा असल्यास शंभर रुपये अधिक कापावेत, अशी एक ओळ कोणत्याही खुलाशाविना उभी होती. कोणा नवशिक्याने ती चूक समजून पुसून टाकली असती तरी नवल नव्हते. वस्तुतः तो व्यवसाय कर. संविधानाच्या अनुच्छेद २७६ने त्यावर वार्षिक २५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. महाराष्ट्रात दरमहा २०० प्रमाणे अकरा महिन्यांचे २२०० वसूल होतात आणि उरलेले ३०० फेब्रुवारीच्या माथी येतात.

डेव्हिड पार्नास यांनी १९७२ च्या आपल्या निबंधात असे प्रतिपादिले की, प्रोग्रामची विभागणी कामाच्या क्रमानुसार न करता, जे निर्णय पुढेमागे बदलण्याचा संभव, त्यांतील एकेक एकेका घटकात दडवावा. व्यवसाय कर राज्याच्या अखत्यारीतला, भविष्यनिर्वाह निधी केंद्राच्या, पत्रकाचा नमुना हिशेबखात्याच्या मर्जीतला. तेव्हा ज्याचा हुकूम निराळा त्याचे दप्तर निराळे, हाच कायदा मी लावला.

अडचण निघाली ती ‘रक्कम’ नावाच्या चलाची. वर ती एकूण पगार, खाली वजावटीनंतरचा. त्यामुळे एकही ओळ जागची हलवण्याची सोय नव्हती. बाह्य वर्तन तिळमात्र न बदलता अंतर्रचना सुधारावी, हा रिफॅक्टरिंगचा दंडक पाळायचा, तर आधी वर्तनाचा पुरावा हवा. म्हणून जुनी पगारपत्रके चाचण्यांत उतरवून, त्या चलाची दोन नावे केली, आणि प्रत्येक बदलानंतर रुपया-रुपया ताडून पाहिला. या कंटाळवाण्या कामापुढे उरलेली सारी कारागिरी मला दुय्यम वाटते. व्यवसाय कराचे फंक्शन आता महिना, एकूण पगार आणि लिंग, एवढेच विचारते.

१ एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात मासिक २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना या करातून सूट मिळाली. ती दुरुस्ती एका फाइलीत आटोपली. निधीच्या चाचण्या चालवल्या, त्या निव्वळ सवयीने.