शाळेचे टपाल कोण वाचू शकते?



ईमेल आपण रोज वापरतो. पण आलेले पत्र नेमके राहते कुठे, असे मुलांनी विचारले की आपण "इंटरनेटवर" एवढे सांगून मोकळे होतो. याचे खरे उत्तर दाखवता यावे म्हणून पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या शाळेत मी एका जुन्या संगणकावर छोटा मेल सर्व्हर चालवतो. तो शाळेपुरताच आहे, बाहेर जोडलेला नाही. सातवी-आठवीची मुले त्यावर एकमेकांना आणि मला पत्रे लिहितात.

यात दोन प्रोग्राम काम करतात. पहिला पोस्टफिक्स. तो पत्र घेतो आणि पत्ता पाहतो. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून 15 ऑगस्ट 1972 ला पिन कोड आला आणि टपालाची वर्गवारी सोपी झाली. ईमेलमध्ये ॲट चिन्हापुढचा भाग साधारण तेच काम करतो. दुसरा प्रोग्राम डीबीमेल. पुष्कळ सर्व्हर प्रत्येक पत्राची वेगळी फाइल करतात. डीबीमेल मात्र पत्रे डेटाबेसच्या तक्त्यांत नोंदवतो. आमचा डेटाबेस पोस्टग्रेएसक्यूएल आहे.

याचा फायदा काय? समजा, जिल्ह्याचा नकाशा मी तीस मुलांना पाठवला. नकाशा एकदाच साठवला जातो आणि तीस नोंदी त्याच्याकडे बोट दाखवतात. दुसरे म्हणजे वीज. आमच्याकडे ती कधी जाईल याचा नेम नाही. दुकानदार आधी रोजकीर्द लिहितो, मग खतावणी. डेटाबेसही प्रत्येक बदल आधी रोजकीर्दीत लिहितो आणि मग तक्त्यात उतरवतो. त्यामुळे मध्येच वीज गेली तरी पत्र एकतर पूर्ण नोंदले जाते, नाहीतर मुळीच नाही. अर्धवट नोंद राहत नाही. मात्र सगळे टपाल एकाच जागी असल्याने दर शनिवारी मी त्याची प्रत काढतो आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडते का, तेही बघतो.

पण खरा धडा वेगळाच निघाला. एका मुलाने विचारले, "सर, तुम्ही आमची पत्रं वाचता का?"

मी म्हणालो, "वाचत नाही. पण वाचू शकतो."

मग माझ्याच खात्यावर करून दाखवले. एका आदेशात कोणी, कोणाला, कधी आणि कोणत्या विषयावर लिहिले याची यादी आली. आणखी थोडी खटपट केली आणि मजकूरही दिसला. वर्ग चिडीचूप.

एका मुलीने विचारले, "मग काढून टाकलेलं पत्र?" तेही लगेच जात नाही. आधी त्यावर फक्त खूण होते. सफाईचा आदेश दिला की ते तक्त्यातून जाते, पण शनिवारच्या प्रतीत उरतेच.

आमच्या भागातले बरेच आई-बाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मुले आजी-आजोबांजवळ राहतात. मनातले कुणाला सांगावे, हा त्यांचा रोजचा प्रश्न. म्हणून आम्ही मिळून नियम ठरवले. तक्ते उघडायचे ते वर्गासमोरच. महिन्याहून जुन्या प्रती पुसायच्या. आणि कुणाला त्रास होत असेल तर त्याने थेट मला लिहायचे, ते पत्र मी त्याच दिवशी वाचेन.

एक पालक म्हणाले, "गुरुजी, पोरांचं सगळं वाचायलाच पाहिजे ना?" त्यांची काळजी खरी आहे. पण चोरून वाचतात असा संशय आला की मूल लिहिणेच बंद करते, आणि मग अडचणीच्या वेळीही आपल्याकडे येत नाही. मला लिहिणारी मुले हा नियम झाल्यावर वाढली.

आपल्या वर्गात सर्व्हर नसला तरी हरकत नाही. मुलांना एवढे जरूर विचारायला लावा: माझे पत्र कुठे आहे, त्याची किल्ली कोणाकडे आहे, आणि मी पुसले म्हणजे ते खरेच पुसले जाते का?