चिलिकाला अर्धा दिवस पुरत नाही

पुरीला गेलेली बहुतेक कुटुंबं चिलिका सरोवर अर्ध्या दिवसात उरकतात. सकाळी गाडी करायची, सुमारे ५० किलोमीटरवरचं सातपाडा गाठायचं, बोटीत बसायचं, डॉल्फिन बघायचे आणि परतायचं. मग मुलं कुरकुरतात, "डॉल्फिनने उडीच मारली नाही!"

तो मारणारही नाही. इथला डॉल्फिन इरावडी जातीचा. गोल डोकं, चोच नाही, पाठीवरचा पर अगदी छोटा. श्वास घ्यायला क्षणभर वर येतो, करड्या पाठीचा तुकडा दिसतो की पुन्हा पाणी सपाट. हे मुलांना आधीच सांगून ठेवा. नावाड्याला "अजून जवळ घ्या" म्हणून मागे लागू नका. बोटीच्या पंख्याने डॉल्फिन जखमी होतात आणि गणनेत त्यांची संख्या जेमतेम दीडशेच्या आसपास भरते. इंजिन बंद करून दहा मिनिटं गप्प बसलात, तर त्यांच्या श्वासाचा फुस्स आवाजही ऐकू येतो.

बोटवाले पुढे समुद्राच्या मुखाजवळच्या वाळूच्या पट्ट्यावर नेतात. लाल खेकडे बघा, पण तिथे शिंपला फोडून तुमच्यासमोर 'मोती' काढून दाखवणाऱ्यांपासून सावध राहा. आम्हीही एक घेतला होता. घरी येईपर्यंत त्याचा रंग उतरला.

हे मुख म्हणजे चिलिकाचा प्राणच. महानदीच्या शाखांनी आणलेल्या गाळाने समुद्राशी असलेली वाट अरुंद होत गेली, खारेपणा घटला, पाणवनस्पती माजल्या आणि मासे कमी झाले. १९८१मध्ये रामसर यादीत आलेलं हे सरोवर १९९३मध्ये धोक्यातल्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. सप्टेंबर २०००मध्ये समुद्राकडे नवं मुख खोदलं गेलं. खारं पाणी पुन्हा आत आलं, मासेही वाढले आणि २००२मध्ये चिलिकाचं नाव त्या यादीतून निघालं. पावसाळ्यात हजार चौरस किलोमीटरहून जास्त पसरणाऱ्या या पाण्यावर हजारो कोळी कुटुंबांचं पोट आहे.

म्हणूनच माझं म्हणणं, एक रात्र तरी काढा आणि दुसरी सकाळ मंगलाजोडीला द्या. उत्तर काठावरचं हे गाव भुवनेश्वरहून दीड-दोन तासांवर आहे. एकेकाळी इथले लोक पक्षी मारून विकत. आता त्यांच्यापैकीच काही जण पर्यटकांना पक्षी दाखवतात. होडी छोटी, इंजिनाशिवायची. नावाडी उभा राहून बांबूने रेटतो. शेकाट्या, जांभळी पाणकोंबडी, चक्रवाक, तलवार बदक इतके जवळ दिसतात की दुर्बीण मांडीवरच राहते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पहाटे निघा, स्वेटर घ्या आणि भडक कपडे टाळा. नलबन अभयारण्यातही पक्ष्यांचे थवे उतरतात, पण ते लांबूनच बघायचं.

पश्चिम काठावर बरकुल आहे. इथून बोटीने कालीजाई बेटावरच्या मंदिरात जाता येतं. सासरी निघालेली जाई नावाची नवरी वादळात बुडाली आणि तीच देवी झाली, अशी कथा नावाडी सांगतात. मकर संक्रांतीला इथे मोठी जत्रा भरते, तेव्हा लहान मुलांना घेऊन गर्दीत शिरू नका. दक्षिणेला रंभा आहे. तिथे टेकड्या थेट पाण्याला भिडतात आणि वर्दळही कमी. नुसतं बसायचं असेल तर मी रंभाच निवडेन.

बोटीत चढण्याआधी वेळ आणि भाडं ठरवून घ्या. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घाला, पोहता येणाऱ्यांनीसुद्धा. दुपारनंतर वारा वाढतो, म्हणून फेरी सकाळीच करा. खायला बालुगावात चिलिकाची कोळंबी आणि खेकडे मिळतात. कालवणात मोहरी सढळ असते, मुलांसाठी कमी तिखट सांगा.

मुंबईहून रेल्वेने जाणार असाल तर कोणार्क एक्सप्रेस भुवनेश्वरला पोहोचण्याआधी याच काठाने जाते. उजेड असेल तर उजव्या बाजूची खिडकी पकडा.