मोक्ष नको म्हणणारे भक्त

मेल्यानंतर काहीच नसेल, तर देवाचं एवढं करायचं कशाला? संतसाहित्य आणि धर्माचं तत्त्वज्ञान शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. पण हा प्रश्न वर्गात कधी आला नसेल इतका, बेंगळुरूत महादेवपुऱ्याला राहायला आल्यापासून येतो. विचारणारी मुलं-मुली पुणे, नाशिक, कोल्हापूर, लातूरकडून इथल्या कंपन्यांत आलेली. त्यांचं म्हणणं सरळ असतं. स्वर्ग, वैकुंठ, मोक्ष, निदान पुढचा बरा जन्म, यांतलं काहीतरी पदरात पडणार म्हणून माणूस उपास धरतो, माळ घालतो, वारीला जातो; ते पदरात पडणंच खोटं ठरलं तर मागे काय उरलं? प्रश्न कुचेष्टेचा नसतो. आजी जन्मभर एकादशी धरत आली आणि आपल्याला देव्हाऱ्यापुढे उभं राहिल्यावर काय बोलावं ते सुचत नाही, या अस्वस्थतेतून तो येतो. म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. परलोकाच्या आश्वासनावर भक्ती उभी नाही, असं माझं मत आहे, आणि त्याचा सर्वांत भक्कम पुरावा आपल्याच घरात आहे.

आधी विरुद्ध बाजूचा पुरावा मांडतो, कारण तो मला घराजवळच दर वर्षी दिसतो. महादेवपुरा ही २००७ पर्यंत वेगळी नगरपालिका होती. त्या वर्षी ती बेंगळुरू महानगरपालिकेत गेली. आता काचेच्या इमारतींच्या कडेने व्हाइटफील्डपर्यंत मेट्रो धावते. पण धनुर्मासातल्या वैकुंठ एकादशीला या भागातल्या व्यंकटेश्वराच्या देवळांपुढे पहाटे अंधारातच रांगा लागतात. आपल्याकडे आषाढी-कार्तिकीपुढे या एकादशीची फारशी मातब्बरी नाही. इथे मात्र त्या दिवशी देवळात फुलांनी मढवलेलं वैकुंठद्वार असतं आणि त्यातून जाणाऱ्याला वैकुंठाची वाट मोकळी होते, अशी श्रद्धा आहे. परलोकाचं आश्वासन याहून उघड ते काय असणार?

त्या रांगेत मात्र बोलणं निराळंच चालतं. मुलीचं लग्न, व्हिसा, आईचं डायलिसिस, घराच्या कर्जाचा हप्ता. वैकुंठाचं नाव रांगेत क्वचितच निघतं. एका बाईंना मी विचारलं, दर वर्षी का येता? ‘आई आणायची म्हणून,’ त्या म्हणाल्या. एवढंच. आपल्या सत्यनारायणाच्या कथेतही साधुवाण्याची नाव बुडते आणि वर येते ती याच लोकात. नवस बोलला जातो तो नोकरीसाठी, मुलासाठी, दुखण्यासाठी. ऋग्वेदातल्या ऋषींचं मागणंही बहुतेक इथलंच आहे: गाई, शूर मुलगे, शंभर शरद ऋतूंचं आयुष्य. प्यू संशोधन केंद्राने २०१९-२० मध्ये देशभरातल्या सुमारे ३० हजार प्रौढांच्या मुलाखती घेतल्या. देव मानणारे जवळजवळ सगळेच निघाले, पण पुनर्जन्म मानणारे हिंदू सुमारे ४० टक्केच. पुनर्जन्म हा हिंदू धर्माचा कणा, असं पाठ्यपुस्तकांत शिकवलेल्या आम्हा मास्तरांना या आकड्याने विचारात पाडलं पाहिजे.

अर्थात इहलोकीचं मागणं हाही व्यवहारच, फक्त मुदत कमी, असं कोणी म्हणेल. ते खरं आहे. म्हणून खरी परीक्षा पुढे आहे.

स्वर्गाच्या आश्वासनाचा सर्वांत काटेकोर हिशोब आपल्याकडे पूर्वमीमांसकांनी मांडला. यज्ञ आज संपतो, स्वर्ग मेल्यावर मिळायचा. मधला दुवा कोणता? त्यासाठी त्यांनी ‘अपूर्व’ नावाची अदृश्य शक्ती मानली. कर्म केलं की अपूर्व निर्माण होतं आणि ते वेळ आली की फळ देतं. पण या चोख व्यवस्थेत देवाला काम उरलं नाही. मीमांसकांची देवता मंत्रातल्या नावापुरती आहे. तिला देह नाही, ती प्रसन्न होत नाही, रुसतही नाही. जिथे परलोकाची हमी सर्वांत पक्की, तिथे भक्तीला जागाच नाही. माझ्या मते हा पुरावा फार मोलाचा आहे आणि तो पुरेसा वापरला जात नाही.

आता दुसरं टोक. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी पुरी झाली. नवव्या अध्यायात स्वर्गाच्या इच्छेने यज्ञ करणाऱ्यांचा विषय येतो. पुण्य सरलं की स्वर्गातून परत यावं लागतं, एवढं गीता सांगते. माऊली तिथे थांबत नाहीत. त्यांच्या लेखी हा यज्ञकर्ता म्हणजे कल्पवृक्षाखाली बसून भिकेच्या झोळीला गाठ मारणारा करंटा. पुण्य संपल्यावर त्याची गत काय? तर पैसा संपल्यावर वेश्येच्या दारातही ज्याला उभं राहू देत नाहीत त्याच्यासारखी. स्वर्गाला नेणाऱ्या पुण्यालाही ते पापाचाच एक प्रकार ठरवतात. परंपरेने मानलेलं १२७५ हे जन्मसाल धरलं तर लिहिणारा जेमतेम पंधरा वर्षांचा आहे. स्वर्गाबद्दल इतकं कडक आपल्या भाषेत नास्तिकांनीही फारसं लिहिलेलं नाही.

तुकोबा आणखी पुढे जातात. त्यांचा दानाचा अभंग आपण सगळे म्हणतो. कीर्तन संपतं, भजन संपतं, लग्नाघरची पूजा संपते, तेव्हा तो म्हटला जातो, आणि म्हणून बहुधा त्याच्या अर्थाकडे लक्ष जात नाही. त्यात विसर पडू नये एवढं मागणं आहे, गुण गायला मिळावेत आणि संतांची संगत असावी एवढं मागणं आहे. मुक्ती आणि संपत्ती दोन्ही नाकारलेल्या आहेत. आणि शेवटी देवाला परवानगी दिली आहे की खुशाल पुन्हा जन्माला घाल. ज्या फेऱ्यातून सुटावं म्हणून उपनिषदांपासून बहुतेक दर्शनं झटली, तो फेरा हा माणूस हौसेने मागून घेतो. गावोगावच्या साध्या माणसांच्या तोंडी रोज असलेली ही मागणी तत्त्वज्ञानाच्या इतिहासात केवढी मोठी उलथापालथ आहे, हे सांगताना मला आजही भरून येतं.

नामदेवांनी तर मरणानंतरचा पत्ताही ठरवून ठेवला. पंढरपूरच्या महाद्वाराची पहिली पायरी. आत जाणाऱ्या संतांची पायधूळ अंगावर पडावी म्हणून तिथे समाधी घेतली, असं परंपरा सांगते; साल १३५०. देवाच्या इतक्या लाडक्या भक्ताने वैकुंठ मागितलं नाही, दाराबाहेरची जागा मागितली. आजही लोक त्या पायरीवर पाय न देता पुढे जातात.

यावर माझे तरुण मित्र बरोबर बोट ठेवतात. तुकोबा सदेह वैकुंठाला गेले असं तुम्हीच म्हणता. आणि पुन्हा जन्म मागणं म्हणजे परलोक मानणंच झालं. आक्षेप रास्त आहे. वारकरी संत परलोक नाकारत नव्हते. पण परलोक असल्याचं मानणं वेगळं आणि त्याच्या लोभाने देवाकडे जाणं वेगळं. त्यांनी दुसरं नाकारलं. पहिलं नाकारूनही भक्ती टिकते का, हे पाहायचं तर जेरुसलेमकडे वळावं लागतं. येशूच्या काळात तिथल्या मंदिरावर सदूकी पंथाच्या पुरोहितांचं मोठं वजन होतं. जोसेफस हा त्या काळचा यहुदी इतिहासकार स्पष्ट लिहितो की मेल्यावर आत्मा उरतो हे सदूकींना मान्य नव्हतं. तरी मंदिरातले होम, सण, उपास चालू राहिले. बसऱ्याच्या राबिया या आठव्या शतकातल्या सूफी बाईंची कथाही प्रसिद्ध आहे: एका हातात पेटती मशाल, दुसऱ्या हातात पाण्याचं भांडं, स्वर्ग जाळायला आणि नरक विझवायला.

आणि इतक्या लांब कशाला? बसवकल्याण आपल्या सीमेला लागून आहे. बाराव्या शतकात तिथे बसवण्णांनी देवलोक आणि मर्त्यलोक अशी फाळणीच मोडून काढली. खरं बोललं की देवलोक, खोटं बोललं की मर्त्यलोक. श्रम हाच कैलास ही शरणांची, म्हणजे बसवण्णांच्या अनुयायांची, शिकवण इथल्या कन्नड घरांत शाळकरी पोरालाही ठाऊक असते.

कन्नड शेजाऱ्यांमुळे मला आणखी एक गोष्ट उमगली, जी पुण्यात बसून नुसती वाचली होती. विठ्ठल दोन्हीकडचा. ज्ञानोबांनी त्याला कानडा म्हटलं, पुरंदरदासांनी त्याचंच नाव आपल्या पदांची मुद्रा केली, रा. चिं. ढेऱ्यांनी १९८४ साली ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’ या ग्रंथात त्याची मुळं शोधली. पण पुरंदरदास मध्वाचार्यांच्या द्वैत परंपरेतले. त्या मतात जीवांचे तीन वर्ग आहेत: मोक्षाला पात्र, कायम संसारात फिरणारे, आणि कायमच्या अंधारात जाणारे. मोक्षातही पायऱ्या आहेत. वारकऱ्याचा परलोक असा नाही. म्हणजे देव एक, मेल्यानंतरचे नकाशे दोन आणि एकमेकांशी न जुळणारे. भक्ती त्या नकाशावर उभी असती, तर दोघांची भजनं निराळी वाटली असती. बेंगळुरूच्या जुन्या पेठेतली भावसार आणि नामदेव शिंपी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या या दोन्ही परंपरांत राहिली. आमच्या संकुलाच्या सभागृहात एकादशीला आधी दासरपदं होतात, मग हरिपाठ. टाळ तेच, डोळे तसेच भरून येतात. द्वैती शेजारी आमच्याबरोबर पावली खेळतात, आणि कोणाचा जीव कुठे जाणार हा विषय कधी निघालेला नाही.

मग भक्ती उभी कशावर आहे? आषाढीच्या आधी आम्ही एक अहोरात्र नामस्मरण करतो. सप्ताहाचा नियम तोच: वीणा खाली ठेवायची नाही. दोन-दोन तासांचे पहारे लावलेले असतात. रात्री दोनला एक मुलगा कामावरून थेट आला. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच, त्यावरून त्याने वीणेचा पट्टा घेतला. वीणा देणारे सत्तरीचे गृहस्थ आधी त्याच्या पाया पडले, मग तो त्यांच्या. कपाळाला बुक्का लावला. तारेवरचं बोट बदललं, नाम तुटलं नाही. याच मुलाने मला सांगितलं होतं की पुनर्जन्म त्याला पटत नाही. मी विचारलं, मग झोप मोडून का आलास? ‘सर, दोन ते चार माझा पहारा आहे.’ आधीच्याने धरून ठेवलेलं पुढच्याच्या हाती द्यायचं, आणि मधला वेळ ज्याचं नाव घेतो त्याच्याशी जोडलेलं राहायचं. संगत आणि नातं. तुकोबांच्या मागणीत हेच दोन होते. मेल्यानंतरची गोष्ट या दोहोंत कुठे लागते, मला सापडत नाही.

परलोक लागतो तो दुसऱ्या कामांसाठी. गेलेलं माणूस पुन्हा भेटावं ही आस त्यातली एक, आणि ती कोणाकडून हिरावून घ्यायची मला हिंमत नाही. दुसरं काम न्यायाचं. ज्याच्यावर इथे अन्याय झाला त्याचा हिशोब तिथे पुरा होईल, असं सांगता येतं. हे आश्वासन मला सर्वांत जास्त खुपतं, कारण ते उलटंही फिरवता येतं: तुझ्या वाट्याला आलं ते मागच्या जन्मीचं. चोखोबांच्या नावावरच्या एका अभंगात आपल्या हीन जातीचं कारण असंच पूर्वजन्मात शोधलेलं आहे. तो वाचताना जीव कासावीस होतो. त्यांच्या घरातल्या सोयराबाईंनी मात्र विटाळ कोणत्या देहाला चुकला, असा रोकडा सवाल केला. बाबासाहेबांनी १९४८ चा ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ ज्यांना अर्पण केला त्यांत चोखोबा आहेत. आणि पुढे ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ लिहिताना, मागच्या जन्मीच्या कर्माने या जन्मीची स्थिती ठरते हे मत त्यांनी झटकून टाकलं.

चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून गेले. परंपरेने साल १३३८. त्यांची समाधी पंढरपुरात आहे, महाद्वारासमोर, बाहेर. त्यानंतर सहाशे वर्षं त्यांच्या जातीची माणसं पंढरीला येत राहिली, त्या समाधीपाशी डोकं टेकवत राहिली, कळसाला हात जोडून परत जात राहिली. चोखोबांना वैकुंठात देवाने जवळ बसवलं, असं सांगून त्यांची समजूत घालणारे पुष्कळ होते. १ मे १९४७ ला साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. त्यांची मागणी वैकुंठाबद्दल नव्हती, विठ्ठलाच्या देवळाच्या दाराबद्दल होती, आणि दहा दिवसांनी ती मान्य झाली.